मागे राहिलेला खोकला

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडली, आणि तिने ती दिवसाढवळ्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितली. कुणी म्हणेल, भास झाला असेल. पण चिमीचं कामच लोकांचे कान तपासण्याचं. कमी ऐकू येणाऱ्यांना मशीन बसवून देतात, त्या दुकानात ती नोकरी करते. भास कशाला म्हणतात ते तिला पक्कं माहीत आहे.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. जागा म्हणजे तिच्या आईवडिलांचं घर. तिसरा मजला, बाहेर लख्ख ऊन.

घर विकलं गेलं होतं.

माझी ताई आणि दाजी कायमचे परदेशी गेले होते, मुलाकडे. त्याला जुळी झाली, बायको नोकरीवर, घरात माणूस हवं. म्हणून इथलं विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे फोनवर, त्या तिघांत. चिमी तेव्हा दुकानात होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आणि मी?"

"तू काय गं," ताई म्हणाली, "कुठेही राहशील. तुझं बरं आहे, एकटा जीव."

दाजी पेपर वाचत होते. ते खोकले.

दाजींचा खोकला आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा. कोरडा. दोनदा बारीक, मग एक मोठा, शेवटी घसा साफ केल्यासारखं 'हं'. त्यांना काही विचारलं की आधी तो यायचा. उत्तर बऱ्याचदा यायचंच नाही.

त्या दिवशीही आलं नाही.

दोघं विमानात बसून गेले. घराचा ताबा द्यायला काही आठवडे होते. तेवढ्यात चिमीने आपली सोय बघायची होती.

तिने कमी उंबरे झिजवले नाहीत. एका घरमालकाने विचारलं, "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर खोली कालच गेल्याचं त्याला एकदम आठवलं. दुसरीकडच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आईवडिलांना पाठव, त्यांच्याशी बोलेन." ते परदेशी असतात म्हटलं, तर "मग तुझी जबाबदारी कोणाची?" चिमी तिशी ओलांडलेली बाई. ती म्हणाली, "माझी मीच." दार लागलं. मुलींच्या हॉस्टेलात तिचं वय जास्त भरलं. तीन मुली मिळून राहत होत्या, तिथे तिला बाल्कनी दाखवली. गादी टाकली की पाय बाहेर. "पडदा लावून देऊ की," मुली म्हणाल्या.

तिच्या दादाचा परदेशातून सल्ला आला, "लग्न करून टाक, प्रश्नच मिटला."

"मला घर हवंय, नवरा नकोय," चिमी म्हणाली. "तुझ्याकडे दोन्ही एकाच दुकानात मिळतं का?"

मी म्हटलं, माझ्याकडे ये. मला दोन खोल्या आहेत. पण आतल्या खोलीत माझ्या गेलेल्या बायकोचं सगळं अजून तसंच आहे. कपडे, चष्मा, औषधांचा डबा. चिमी दारातूनच बघून मागे फिरली. "मामीला हलवायचं नाही, मामा," म्हणाली. मी आग्रह केला. ऐकलं नाही.

तर, तो रविवार.

सामान सगळं गेलेलं. चिमी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून एजंटांना फोन लावत होती. एकजण म्हणाला, मॅडम, तुमच्यासारख्यांचं जरा अवघड असतं. तिने फोन आपटलाच.

आणि आतल्या खोलीतून...

दोनदा बारीक.

मग एक मोठा.

"हं."

"बाबा, पाणी देऊ?" चिमी म्हणाली. सवयीने. तोंडातून शब्द निघून गेल्यावर तिचं तिलाच कळलं.

ती आत गेली. कुणी नव्हतं. पलंग नव्हता, कपाट नव्हतं. लपायला आडोसाच नव्हता.

पुन्हा आला... अगदी हाताच्या अंतरावरून.

तिच्या पर्समध्ये दुकानातले मऊ बोळे असतात. कानात आवाज येतो म्हणणारे पुष्कळ लोक येतात. त्यांच्यावर ती एक साधी गोष्ट करून बघते. कान बंद केल्यावर आवाज कमी झाला, तर तो बाहेरचा. तसाच राहिला, तर स्वतःचा. तिने बोळे घातले. मनातून तिला वाटत होतं, तसाच राहू दे. डोकं फिरलंय म्हणून रजा तरी मिळेल.

आवाज कमी झाला.

बोळे काढले.

वाढला...

हे ती मला सांगत होती तेव्हा खरं सांगायचं तर मला भीती नाही वाटली. हेवा वाटला. माझ्या बायकोला जाऊन वर्ष झालं. कान लावून बसतो. साधं भांडंही वाजत नाही.

चिमीने ताईला फोन केला. "बाबा बरे आहेत ना?"

"अगं, मजेत! इथली हवा काय मानवलीय त्यांना! आल्यापासून खोकला म्हणून नाही."

"बोलतात का?"

"ते कधी बोलायचे?" ताई हसली. मग जरा थांबली. "दिवसभर खिडकीशी बसतात. हाक मारली तर उशिरा वळतात. शीण असेल प्रवासाचा... तुझ्याकडे कोण खोकतंय गं?"

"शेजारचे," चिमी म्हणाली.

ही गोष्ट तिने गिळूनही टाकली असती. पण त्याच आठवड्यात घर घेणाऱ्या बाई पडद्यांची मापं घ्यायला आल्या. दातांच्या डॉक्टर, बरोबर एजंट. बाई टेप लावत असताना आतून आवाज आला...

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

बाईंनी स्वतः जाऊन पाहिलं. बाथरूमही पाहिलं. एजंट तोवर जिन्यात पोचला होता. पण बाई घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या चिडल्या. "म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवून ताबा अडवतात, ते मी चांगलं ओळखते. घर रिकामं मिळालं नाही तर व्यवहार रद्द."

इकडच्या घराच्या भरवशावर दादाने तिकडे मोठं घर ठरवलेलं. त्याचा फोन आला तो ओरडतच. "तुला एक घर रिकामं करता येत नाही? काय चाललंय काय तुझं?"

चिमी दुकानातून थेट त्या घरी गेली. संध्याकाळचा उजेड अजून होता. भीती वाटलीच नाही, म्हणाली. डोकं तापलं होतं.

आतल्या खोलीत मधोमध उभी राहून ती बोलायला लागली.

"बाबा, घर तुम्ही विकलंत. सही तुमची. जागा शोधून माझ्या पायांचे तुकडे पडले, आता वर तुम्हालाही मीच बाहेर काढायचं? गेलात ना? मग धड जा तरी!"

तिने दाराकडे बोट दाखवलं.

मग दोनदा बारीक. एक मोठा. "हं."

आणि त्या 'हं'नंतर, कधी नव्हे ते, पुढे काहीतरी आलं...

"तू कुठे राहणार?"

दाजींचाच आवाज.

मग मात्र चिमीचा संयम सुटला. "हे तेव्हा विचारायचं होतं! पेपर खाली ठेवून!"

कुणीतरी श्वास धरून थांबलं होतं. ते तिला ऐकू येत होतं, म्हणाली.

शेवटी तिने सांगून टाकलं, "झाली सोय. चांगली खोली आहे. खिडकी मोठी आहे. जा तुम्ही."

त्यानंतर घर गप्प झालं. ताबा दिला. डॉक्टर बाई सुखाने राहायला आल्या.

सोय कसली झालेली! चिमी दुकानाच्या मागच्या बाजूला, मशीनच्या खोक्यांमध्ये चटई टाकून झोपत होती. मालकाने तात्पुरती परवानगी दिलेली. आम्हाला सगळ्यांना मात्र तिने मोठ्या खिडकीचीच खोली सांगितली. मलाही.

परवा सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. चिमीने त्यांना तपासणीच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. "बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करा, काका."

ती मशीनकडे वळली. मागे बघते तर काकांचा हात वर.

"अजून सुरू नाही केलं, काका."

"केलंय की. कुणीतरी खोकतंय."

चिमीने मशीनकडे पाहिलं.

काकांनी हेडफोन कानावर दाबून धरला. "आता विचारतायत... झोपतेस कुठे?" मग तिच्याकडे बघून म्हणाले, "मला का विचारतायत हो हे?"

मशीनचं बटण बंद होतं.

चिमीने त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. काय ऐकलं ते तिने मला सांगितलेलं नाही. इतकंच म्हणाली, की त्या परक्या माणसासमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही झाली सोय, बाबा. खोटं बोलले मी."

दुपारी ती माझ्याकडे आली आणि सगळं सांगितलं. मी तिथूनच ताईला फोन लावला. म्हटलं, दाजींना दे.

"बसलेत बघ समोर खिडकीशी," ताई म्हणाली. "थांब हं."

तिने हाक मारली.

पुन्हा मारली...

पुन्हा...

मी फोन कानाला धरून होतो. चिमी माझ्याकडे बघत होती, मी टेबलाकडे.

"वळतील," ताई म्हणाली. आवाज जरा उतरला होता तिचा. "आताशा हाक पोचायला वेळ लागतो त्यांना."