हवेच्या नळीवरचे ठोके

बसा, बार्लीचा चहा घ्या. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या या कोळशाच्या डोंगरातल्या इस्पितळात मेंदूची चित्रं काढायचं यंत्र मी चालवते.

त्या दुपारी बॉकमानकाका आले. माझ्या वडिलांचे सोबती, खाण ढासळली तेव्हा वाचलेले. डॉक्टर माँग अशा वाचलेल्यांचे मेंदू तपासत होते. त्यांतले काही अजून दचकत जगतात, काही खुशाल घोरतात. दचकणाऱ्यांच्या मेंदूत म्हणे भीतीची जागा सारखी पेटलेली दिसते आणि आठवणींचा भाग आक्रसलेला.

कपडे बदलून आल्यावर काका हळूच म्हणाले, "पोरी, या तपासणीत माझं काहीतरी दुखणं निघू दे गं."

"असलं काय मागता, काका!"

"मला अजून ठोके ऐकू येतात... हवेच्या नळीवरचे. चार."

आमच्याकडे खाणीत अडकलेली माणसं आत हवा नेणाऱ्या नळीवर ठोकतात. जितके जिवंत, तितके ठोके. तेव्हा खाली चौघं राहिले होते. आता कुणी उरलं नसणार, असं म्हणून खाणीचं तोंड बुजवायला मुकादम म्हणून काकांनीच होकार दिला होता. माझी लेक तेव्हा पाळण्यात होती, आता कॉलेजात जाते.

"दुखणं निघालं तर ठोके माझ्या डोक्यातले," काका म्हणाले. "नाही निघालं, तर..."

यंत्राचा खडखडाट सुरू झाला. त्यांना खाण कोसळल्याचे आवाज ऐकवले. डॉक्टर पडद्यावर वाकले आणि खूश झाले.

"अगदी ठणठणीत! घोरणाऱ्यांसारखा मेंदू." त्यांनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. "आजोबा, अभिनंदन! तुम्हाला काहीही झालेलं नाही."

आतून हुंदका ऐकू आला. मी तपासणी थांबवून आत धावले. काका पडल्यापडल्या रडत होते.

"म्हणजे ते जिवंत आहेत गं... मी जित्या माणसांना गाडलं."

"काका, इतकी वर्षं? कसं शक्य आहे?"

तेवढ्यात फरशीखालून आवाज आला. लोखंडावर लोखंड. देवाशपथ, मी माझ्या कानांनी ऐकला.

टक... टक... टक...

मी चौथ्याची वाट पाहिली. पुढचा ठोका आलाच नाही.

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सकाळी चार होते," ते म्हणाले.