चाकामागचा दगड

स्टॉपर ओढला कुणी?

बाबलीने हा एकच प्रश्न सगळ्यांना विचारला. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला विचारला, मालवणच्या डॉक्टरांना विचारला, स्मशानातून परतताना खांद्यावर हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला विचारला. हवालदार म्हणाला, "स्टॉपर म्हणजे काय?" बाबलीने सांगायला तोंड उघडलं, तोवर तो मोटरसायकलवर बसलाही होता. बाकीच्यांनी नुसता खांदा थोपटला.

प्रश्न कळायला आधी ती गाडी कळायला हवी.

गाडी म्हणजे जुनी, छोटी जिप्सी. चारही चाकं ओढणारी, पण पेट्रोलचं इंजिन चिमुकलं. बाबलीच्या घरची काजूची बाग वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. तिथे जायचा रस्ता म्हणजे तांबड्या कातळातला उभा चढ, आणि चढाच्या खालच्या वळणावर एक सोडून दिलेली चिऱ्याची खाण, विहिरीसारखी सरळ कापलेली. अर्ध्या चढात जिप्सीला धाप लागायची. मग आई, शेवंती, काजूची पोती डोक्यावरून खाली आणायची. तिच्या मानेचा मणका एका बाजूला कलला, तेव्हा थोरल्या सुशांतने ठरवलं, हिच्यात मोठं इंजिन बसवायचं.

वैभववाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका भंगारवाल्याकडून त्याने डिझेलचं इंजिन आणलं. ते आत मावेना. दोघा भावांनी खोपीत दिवसरात्र खपून मधला पत्रा कापला, रेडिएटर पुढे सरकवला, नवे पाय वेल्डिंगने जोडले, आणि तरीही बॉनेट बसेना तेव्हा बाबलीने हातोड्याने त्याला आतून फुगारा काढला. सातवीत शाळा सोडलेल्या बाबलीला पाने-स्क्रू सुशांतनेच शिकवले होते. बाप लवकर गेलेल्या त्या घरात त्याच्यासाठी दादा म्हणजे बापच.

अशा जुन्या डिझेल इंजिनाला चावी विचारत नाही. एकदा सुरू झालं की चावी काढून घेतली तरी ते चालतच राहतं. ते बंद करायचं तर एक तार ओढावी लागते, तिला स्टॉपर म्हणतात. नव्या इंजिनाचा पंप डाव्या अंगाला आला, तार पुरेना, म्हणून स्टॉपरची मूठ डाव्या सीटसमोर बसवावी लागली. सुशांतला गाडी बंद करायला वाकावं लागे. बाजूला बसलेल्याला मात्र ती अगदी हाताशी.

आणखी एक गोष्ट. चढावर गाडी थांबली की बाबलीने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा, टाचेने दोनदा ठोकायचा आणि ओरडायचं, "दगड लागलो!" हँडब्रेक नावालाच होता.

"तू दगड लागलो म्हटल्याशिवाय माझो पाय ब्रेकावरसून निघाचो नाय," सुशांत म्हणायचा. "मी म्हातारो झालंय तरी थयच बसान."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आवाज ऐकून भिकाजीतात्या आले. गावात नवीन काही आलं की शिवेवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. म्हशीपासून मोटारीपर्यंत सगळ्यांचं.

"नारळ खंय ठेवलास?" तात्यांनी विचारलं.

"गाडीचो कधीच ठेवलेलो, तात्यानू. तुमीच तर गाऱ्हाणा घातलात."

"गाडी हयचीच. भायरसून इला ता इंजिन. ता कोणाचा?"

"भंगारातला," सुशांत हसला. "नटबोल्टाक कोण नारळ ठेवता काय?"

बाबली त्याच्याहून मोठ्याने हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि जाताना ते म्हणाले, "गाडी तुमची, पोरांनू. पण तिच्यात जीव कोणाचो घातलात, ता इचारून घेवा."

विचारलं कुणीच नाही. गाडीला नारळ, सामानाला नाही, हा गावाचाच रिवाज. आणि इंजिन सामानात धरायचं की गाडीत, हे ठरवायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती.

सुशांत गेला त्या दिवशी बाबली शिरोड्याला मित्राच्या हळदीत नाचत होता. चढात गिअर बदलायला सुशांतने क्लच दाबला असणार आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं असणार. इंजिन बंद पडलं की अशा गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो. कितीही दाबा, खाली जात नाही. जिप्सी मागे घरंगळली ती थेट खाणीत.

बाबली दोराने खाली उतरला तेव्हा चावी चालूच होती. दिवे चालू होते. सुशांतचे दोन्ही हात स्टिअरिंगखाली चिणलेले. आणि डाव्या सीटसमोरचा स्टॉपर पूर्ण बाहेर ओढलेला.

गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

दिवसकार्य होईस्तोवर बाबलीने दम धरला. मग पहार घेऊन त्याने, खाणीतून वर काढून खोपीत आणलेल्या जिप्सीच्या उरल्यासुरल्या काचा फोडल्या, आणि संध्याकाळी तिच्यातच मुटकुळं करून झोपला. दुसऱ्या दिवशी उठला तो तडक भंगारवाल्याकडे गेला.

"पिकअपचं इंजिन ते," भंगारवाला म्हणाला. "गाडी घाटातून खाली गेली. ड्रायव्हर वरचाच, घाटावरचा. आत चेपून बसलेला आणि इंजिन चालूच. डिझेल संपेपर्यंत चालू होतं म्हणे. सकाळी माणसं पोचली तेव्हा तो जिवंत होता. पाणी मागितलं नाही, आईला हाक मारली नाही. एकच म्हणत होता... बंद करा."

"नाव काय तेचा?"

"भंगाराला नाव कोण विचारतं?"

सगळा पावसाळा बाबली जिप्सी दुरुस्त करत राहिला. काचा बसवल्या, सांगाडा सरळ केला. इंजिनाला काही झालंच नव्हतं. शेवंती ओसरीवरून बघायची आणि तोंड फिरवायची. गणपती झाले, भात कापणीला आलं, आणि एका तिन्हीसांजेला त्याने चावी घेतली तशी ती वाटेत उभी राहिली.

"बाबल्या, ती गाडी इक, नायतर जाळ. त्या सड्याक एक झिल दिलंय मी. दुसरो देवचंय नाय."

"माका फक्त बघूचा आसा, आये. स्टॉपर कोण ओढता ता."

"आणि बघल्यावर?"

उत्तर बाबलीकडे होतं, पण आईला सांगण्यासारखं नव्हतं. तो दादाच असावा, असं त्याला वाटत होतं. महिनोन् महिने त्याने तेवढ्यासाठीच पाने फिरवले होते.

चढ सुरू झाला. उजेड झाडांच्या शेंड्यांवर तेवढा उरलेला. लांब खाली समुद्राचा आवाज येत होता, आणि इंजिनाच्या धडधडीत तो हळूहळू बुडाला. खाणीचं वळण मागे पडलं. मग वास आला. आधी जळक्या डिझेलचा वाटला. नंतर ओल्या घोंगडीचा. त्यांच्या घरात घोंगडी कधीच नव्हती.

डाव्या सीटची स्प्रिंग करकरली आणि सीट दबली.

"दादा?" बाबली हळूच म्हणाला.

स्टॉपरची मूठ हलली. नखभर बाहेर आली. मग बोटभर. बाबलीने झेप घेऊन ती धरली, आणि गळाला लागलेला मासा दोरी ओढतो तशी ती तार त्याच्या मुठीत ओढली जाऊ लागली. त्याच्या कानाशी कुणीतरी दमलेला श्वास सोडला.

"बंद कर की रं... लई वेळ झाला... बंद कर की..."

दादा असं बोलत नव्हता. त्यांच्या गावात कुणीच असं बोलत नव्हतं.

बाबलीची मूठ सुटली. इंजिन एकदा हबकलं आणि गप्प झालं. सवयीने त्याचा पाय क्लचवर गेला. गाडी क्षणभर थबकली, आणि मागे निघाली.

त्याने ब्रेक दाबला. दगड. दोन्ही पायांनी दाबला. गिअर पडेना, नुसता खरखरला. आरशात खाणीची काळी कड मोठी होत आली. "आये गे..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आणि तेवढ्यात ब्रेक खाली गेला. त्याच्या पायाने नाही. त्याच्या पायाखालून, शांतपणे, तळापर्यंत. गाडी उभी राहिली.

त्याच्या उघड्या घोट्याला कसलासा खरखरीत स्पर्श होत होता. भेगाळलेल्या टाचेचा. ती टाच त्याने लहानपणी कोकमतेल लावून कितीदा चोळली होती.

तो तसाच बसून राहिला. रडत होता की नाही, ते त्यालाच कळत नव्हतं. शेवटी खालून विजेरीचा उजेड आला. शेवंती तात्यांना घेऊन धावत आली होती. तात्यांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. शेवंतीने त्याच्या तोंडात मारली आणि मग ते तोंड पोटाशी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गावातल्या अजयचा टेम्पो लावून जिप्सी गावाच्या शिवेवर ओढत नेली. इंजिन तिथेच उतरवायचं आणि घाटात, जिथलं होतं तिथे पोचतं करायचं, असं तात्यांनी ठरवलं.

"पयला तेका चालू कर," तात्या बाबलीला म्हणाले. "मरेपर्यंत तो एकच मागत होतो. ता तू दे. तुझ्या हातान, तेका सांगान."

बाबलीने इंजिन सुरू केलं आणि डाव्या दाराशी उभा राहिला. घाटावरच्या माणसाला कळावं म्हणून तो शाळेतल्या मराठीत बोलला. "बंद करतोय हं. आता बंदच. परत कुणी सुरू करणार नाही." आणि त्याने स्टॉपर ओढला.

इंजिन थांबलं. डाव्या सीटची स्प्रिंग सावकाश वर आली.

अजयने बॅटरी सोडवून गवतात ठेवली. तात्यांनी नारळ घेतला, डोळे मिटले. "बा देवा महाराजा, ह्या जेचा आसा तेका पावता कर. पोरांका कळाक नाय, ता पोटात घाल रे महाराजा..."

"व्हय महाराजा," बाबली आणि अजय म्हणाले.

अजय साखळी आणायला टेम्पोकडे वळला आणि जागीच थांबला.

"बाबल्या..." तो कुजबुजला. "मागचे दिवे बघ."

जिप्सीचे दोन्ही ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले होते. बॅटरी गवतात पडली होती. गाडीत कुणी नव्हतं. आणि मग तिघांच्याही लक्षात आलं, की शिवेवरचा रस्ता उताराचा आहे, ओढायचा दोर कधीच सोडलाय आणि गाडीच्या चाकामागे काहीही नाही.

तात्या शिवेच्या पाषाणाकडे बघत मागे सरले.

बाबली मात्र पुढे गेला. रस्त्याकडेचा चिऱ्याचा तुकडा त्याने उचलला, उजव्या मागच्या चाकाला लावला, टाचेने दोनदा ठोकला. आणि तो नेहमीच्या आवाजात ओरडला.

"दादा, दगड लागलो!"

गाडी किंचित मागे आली, दगडावर टेकली. उजवा दिवा विझला.

डावा तसाच राहिला.

बाबलीने आणखी एक दगड शोधला आणि डाव्या बाजूला गेला. लाल उजेडात त्याचे हात भिजल्यासारखे दिसत होते. त्याने दगड नीट आत सारला, टाचेने दोनदा ठोकला. घाटावरच्या त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून त्यालाही तो दादाच म्हणाला.