पाहुण्यांसमोर शहाणा कॉम्प्युटर

“बसा ना तुम्ही इथे. बाळाला घेऊन किती वेळ उभ्या राहणार?”

सहा नंबरच्या बसमध्ये एक तरुण माझ्यासाठी जागेवरून उठला आणि मी वेंधळ्यासारखं मागे वळून पाहिलं — कुणाचं बाळ? मग लक्षात आलं. माझ्या छातीशी, आईच्या फुलाफुलांच्या गोधडीत गुंडाळलेला, बाबांचा कॉम्प्युटर होता. बाहेर कोशावा वारा नुसता पिसाळला होता. बसच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद होत्या, तरी समोरच्या आजीबाई कानात कापसाचे बोळे घालून बसल्या होत्या.

खरं सांगायला हवं होतं. पण हात भरून आले होते... मी बसले.

“किती महिन्यांचं?” त्यानं हळूच विचारलं. बाळ जागं होईल म्हणून.

“सहा वर्षांचं.”

त्याच्या भुवया वर गेल्या. मी गोधडीचं टोक उचललं. आतून एक वायर लोंबली. तो असा काही हसला की आजीबाईंनी एका कानातला बोळा काढून आमच्याकडे पाहिलं.

“आणि काय होतंय बाळाला?”

“चाळीस मिनिटं नीट खेळतं, मग एकदम डोळे मिटतं. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं तेव्हापासून.”

“अंग तापतं का?”

“ते डॉक्टरांनी सांगायचं. त्यांच्याकडेच निघालेय. मंडईजवळ दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथे कोणी रेल्या म्हणून आहे. म्हणतात, हात चांगला आहे त्याचा, पण तोंड फार चालतं.”

तो एकदम गंभीर झाला. “हाताचं मला माहीत नाही,” तो म्हणाला, “पण तोंडाचं... अगदी खरं आहे.”

म्हणजे हाच तो रेल्या! धरणीमाते, पोटात घे! पण बसमधून उतरताना तो कॉम्प्युटर त्यानं उचलला, आणि मी रिकाम्या हातांनी त्याच्यामागून चालत राहिले, गाल गरम झालेले. वाऱ्यानं, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा, सावा, एकतीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रक चालवत होते. इथून, सर्बियातल्या आमच्या पांचेवोहून, निघायचे ते हॅम्बुर्ग, लिऑन, कुठे कुठे. तीन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं लायसन्स गेलं. माणूस गप्पच झाला हो. खिडकीशी बसून लोकांच्या गाड्या बघायचा. मग मी त्यांना ट्रक चालवायचा एक गेम आणून दिला आणि बाबा परत बाबा झाले. संध्याकाळी विचारलं, “काय केलंत दिवसभर?” तर म्हणायचे, “ग्राट्सपर्यंत जाऊन आलो. रस्त्याचं काम चाललंय तिथे.”

त्या रविवारी चार वाजता त्यांचे तीन जुने जोडीदार, एक लिंझहून, एक बान्या लुकाहून, एक नोवी सादहून, गेममध्ये भेटणार होते. चार ट्रक, एकामागे एक, थेट त्रिएस्तेपर्यंत. सगळ्यात पुढे बाबा. त्यासाठी गेमची नवी आवृत्ती हवी होती, तिच्यासाठी नवं कार्ड. ते मीच आणून बसवलं होतं. आणि तेव्हापासून रोज चाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा. तिसऱ्यांदा असं झालं त्या संध्याकाळी मी घरी आले तर हेडफोन टेबलावर पडलेले, आणि बाबा म्हणाले, “इथलंही लायसन्स काढून घेतलं, विश्न्या.”

मी मोरीत जाऊन रडले.

तर, गुरुवारी रेल्यानं दुकानात गेम लावला. तीन तास पठ्ठ्या चालला. “ठणठणीत आहे तुमचं बाळ,” तो म्हणाला. घरी आणून लावलं. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात, माझ्या नोकरीवर, कुणाला तरी वारं लागलेल्या कानात घालायचे थेंब देत होते, तेव्हा आईचा फोन आला. “मेला परत.”

मी रेल्याला फोन केला. “तुम्ही काही केलंच नाहीत!”

“विश्न्या... म्हणजे आंबट चेरी ना?” तो शांतपणे म्हणाला. “शोभतं नाव. संध्याकाळी घरी येतो.”

तो आला आणि आमच्या घरात एकच धावपळ. माझी आई देसांका म्हणजे पाहुण्यांच्या बाबतीत फार कडक. अंगावरची ठिगळांची शाल आतल्या खोलीत, पाहुण्याच्या पायात नव्या सपाता, पुढ्यात तबक, तबकात चमचाभर मुरांबा नि पाण्याचा पेला, मग कॉफी. त्यानं काही बोलायच्या आत त्याचं गाव, त्याच्या आईचं माहेर आणि जेवतो कुठे, हे सगळं तिनं काढून घेतलं.

रेल्या टेबलाखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते, आणि ते मला का कोण जाणे फार आवडले.

“काका, ड्रायव्हर जुना आहे,” तो खालून म्हणाला. “काढून नवा टाकतो.”

बाबा ताठ झाले. “कुणाला जुना म्हणतोस रे? एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही!”

“तुम्ही नाही हो काका! कार्डाचा ड्रायव्हर, ते चालवणारा प्रोग्राम!”

त्या दिवशी बाबा किती दिवसांनी खळखळून हसले. गेम दोन तास चालला. रेल्यानं आतला पंखा पाहिला, धूळ पाहिली, ताप मोजला. सगळं जागच्या जागी. “लक्षणं सगळी तापून बंद पडण्याची आहेत,” तो म्हणाला, “पण हा तर तापतच नाही. हवा जायची वाट कशानं झाकली जात नाही ना?”

“छे! भिंतीपासून हातभर लांब आहे.” मी रोज आठला घरी यायचे, तेव्हा टेबलाखाली कॉम्प्युटरशिवाय काही नसायचं.

शनिवारी दुपारी, मी कामावर असताना, बाबा खेळायला बसले आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच. संध्याकाळी रेल्या पुन्हा हजर. पुन्हा सपाता, पुन्हा मुरांबा. आणि पुन्हा, त्याच्यासमोर तो कॉम्प्युटर अगदी शहाण्या मुलासारखा चालत राहिला.

“मला वाटतं, याला मी आवडतो,” रेल्या दारात बूट घालत म्हणाला.

“कॉम्प्युटरची आवड फार वाईट आहे मग.”

“फक्त कॉम्प्युटरची?”

“...बुटाची नाडी बांधा. पडाल.”

तो गेल्यावर मी दार लावून तशीच उभी राहिले. खोटं कशाला बोलू — मला तो बिघाड हवाहवासा वाटायला लागला होता. उद्या नीट झालं तर हा कशाला येईल? आणि आत बाबा फोनवर लिंझवाल्या मित्राला सांगत होते, “तुम्ही तिघं निघा रे. माझं काही खरं नाही. वाटेत मध्येच बंद पडायचं आणि सगळा ताफा खोळंबायचा... नको.” ते ऐकलं आणि माझीच मला लाज वाटली.

रविवारी एक वाजता मी आणि आई अंगणात होतो. आमच्याकडे सगळी गल्ली त्या दिवशी आयवार, म्हणजे लाल मिरच्यांची वर्षभराची चटणी, करत होती. भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास, मोठ्या पातेल्यात रटरटणारा तो लालभडक लगदा, आणि आईचे हात कोपरापर्यंत माखलेले. फाटक वाजलं. रेल्या. न बोलावता, इस्त्रीच्या शर्टात.

मला वाटलं, आता आई धावेल. तबक, पेला, सपाता... ती जागची हललीसुद्धा नाही.

“तू होय! बरा आलास,” ती म्हणाली. “ढवळणं घे हातात. तळाशी लागू देऊ नकोस. आणि तो शर्ट काढून ठेव, वाया जाईल.”

“मावशी, आधी काकांचं बघतो. पाच मिनिटं.”

“जा, आहेत आत. सराव करतायत. चारला जायचं नाही म्हणतात आणि आत्ता पुन्हा चाक धरून बसलेत.”

मी त्याच्यामागून गेले. बाबा कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी घाटात होते. रेल्या खिशातून काहीतरी छोटंसं काढून टेबलाखाली वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

“विश्न्या. इकडे या.”

कॉम्प्युटरला शाल गुंडाळली होती. आईची ठिगळांची, जाड लोकरीची शाल. चारी बाजूंनी नीट खोचलेली, वर एक सेफ्टी पिनसुद्धा. रेल्यानं ती ओढून काढली तर भाजलेल्या पावासारखी गरम!

“आई!”

आई लाल हात वर धरून धावत आली. “अगं, ओरडतेस काय? ते नवं यंत्र आणलंस तू, त्यातून वारं किती सुटतं बघ! सरळ यांच्या गुडघ्यांवर. ऑपरेशन झालेला माणूस... वारं लागलं म्हणजे? हे बसले की बांधते, उठले की काढून माझ्या अंगावर घेते.”

बाबांनी हेडफोन काढले. “मी म्हणत होतो, पायाशी ऊब बरी वाटते,” ते पुटपुटले.

सांगते ना, मी दिवसभर वारं लागलेल्यांना औषधं विकते. बाधणाऱ्या वाऱ्यावर माझाही आईइतकाच विश्वास. मशीनला वारा बाधत नाही, उलट हवाच असतो, ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येणार होती?

“पण मावशी,” रेल्या जमिनीवर बसूनच म्हणाला, “मी दोनदा आलो. तेव्हा ही शाल नव्हती.”

“पाहुण्यासमोर फाटकी शाल ठेवू होय? काय म्हणेल मनात!”

“आणि आज?”

“आज?” आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो फारच मंद आहे. “आज तू पाहुणा कुठेस?”

मी टेबलक्लॉथची झालर मोजत होते. रेल्याचे कान आयवारच्या रंगाचे झाले होते.

“तुमचं काय ते नंतर बघा,” बाबा म्हणाले. “मला लिंझला फोन करू दे.”

चार वाजता ताफा निघाला. बाबांच्या गुडघ्यांवर आता ती शाल होती, कॉम्प्युटर उघडा. आम्ही तिघं त्यांच्या खुर्चीमागे उभे. पस्तीस मिनिटं... अडतीस... चाळीस. आईनं डोळे मिटून क्रूसाची खूण केली. एकेचाळीस. बाबांनी भोंगा दाबला, लांबलचक, आणि मागच्या तिन्ही ट्रकांनी तो परत दिला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते माइकमध्ये ओरडत होते, “अंतर ठेवा रे गाढवांनो! अंतर!”

मी रेल्याला घेऊन अंगणात आले. पातेलं आमच्यावर सोपवलं होतं. तो ढवळत राहिला. फार मनापासून ढवळत होता, वर बघतच नव्हता.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “खिशातलं ते छोटं... ते मशीनचा ताप दर मिनिटाला लिहून ठेवतं. मी नसतानाचासुद्धा. शुक्रवारीच लावलं असतं ना, तर शनिवारी दुपारीच कळलं असतं.”

“मग लावलं का नाहीत?”

“कारण शनिवारी कळलं असतं.” त्याचा हात थांबला. “आणि मग शनिवारी संध्याकाळी यायला काही कारणच उरलं नसतं.”

मला कळायला एक क्षण लागला. मग जो काही राग आला!

“बाबा काल फोनवर नाही म्हणून सांगत होते, माहितेय? माझ्या बाबांचा रविवार तू पणाला लावलास? माझ्याकडे यायला? तू... तुला अक्कल आहे का?”

“काल रात्रभर हेच म्हणत होतो स्वतःला. म्हणून तर आज आलो. ते लावायला, आणि हे सांगायला. हाकलून दिलंस तरी चालेल.”

तो खाली मान घालून उभा. शर्टावर एक लाल शिंतोडा, अगदी खिशापाशी. माझा राग खरा होता. पण शनिवारी दार लावून मी काय मागत उभी होते, तेही खरंच होतं.

“हाकलायचं तर मलाही हाकलावं लागेल,” मी म्हणाले. “काल मी... मलाही वाटलं होतं, नाही सापडला बिघाड तर बरं.”

त्यानं मान वर केली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, सगळीकडे.

“विश्न्या, आत्ता काय म्हणालीस कळलं का तुला? इतके दिवस ‘तुम्ही’, ‘तुम्ही’... आज एकदम ‘तू’. रागात का होईना.”

मी त्याच्या हातातलं ढवळणं घेतलं. त्यानं सोडलं नाही. मग दोघांनीच धरलं ते, मिळून.

“राग गेल्यावरही म्हणेन,” मी म्हणाले.