लोकूमलचं तीस वॉटचं मशीन

विषय : कारखान्याच्या करमणूक मंडळासाठी ध्वनिवर्धक यंत्र घेणे व वापरणे.
संदर्भ : मंडळाचा ठराव क्रमांक सात, दिनांक ३ जानेवारी १९५४.

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, सदर यंत्र पाहायला मीच गेलो, ते मीच पसंत केले आणि त्यानंतर जे घडले तेही माझ्याच तोंडून घडले. इथपर्यंत कचेरीची भाषा उपयोगी पडते. पुढचं साध्या भाषेतच सांगावं लागेल.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. सकाळी फाटकाशी उंच स्टुलावर बसून नावं पुकारायची. 'हजर' आलं की काळी खूण. तीन हाकांत उत्तर नाही आलं की लाल. आता रांगेत अशी पद्धत होती, की एखाद्याला उशीर होणार असला तर दुसरा कोणी त्याच्या वतीनं 'हजर' म्हणे. मला सगळ्यांचे आवाज ओळखू येत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. कोणीच बोललं नाही, तर तिसऱ्या हाकेनंतर मीच पुटपुटे, "हजर," आणि काळी दौत ओढून घेई. नियमात याला लबाडी म्हणतात. आम्ही शेजारधर्म म्हणायचो.

हा शेजारधर्म मी सर्वांत जास्त केला तो हरिचंद्र कोंडाजी म्हसकर या फिटरशी. तो बदलापूर गावचा. नदीला पाणी आलं की तो हमखास उशिरा यायचा आणि फाटकातून शिरताना ओरडायचा, "आलो, आलो, शामराव! तुम्ही लावलीच असंल!" बाप लहानपणीच गेलेला, दोन भाऊ देवीच्या साथीत एका आठवड्यात गेले. आई जनी हिला जगात एवढाच एक उरला होता.

लढाईच्या दिवसांत हरिचंद्र कल्याणच्या लष्करी कॅम्पात अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात बशा धुवायचा. तिथल्या एका गोवेकर बँडमास्तरनं त्याला डबल बेस शिकवलं. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं, सूर अगदी खालचे. पलटणी गेल्या तेव्हा ते वाद्य मागे राहिलं आणि हरिचंद्रनं ते बैलगाडीत घालून गावी नेलं. गावात आधी समज झाला, की पोरानं साहेबाची शवपेटी आणली. त्या दिवशी जनीनं गाडी अंगणात येऊ दिली नाही.

आमच्या मंडळाचा वाद्यवृंद होता. प्रमुख अण्णा, स्टोअरकीपर, व्हायोलिन वाजवत. वार्षिक संमेलनाला मुंबईहून एका हॉटेलातल्या बँडचा मालक येणार होता. तो खास हरिचंद्रला ऐकायला येत होता. पसंत पडला असता, तर हरिचंद्रचं आयुष्य पान्या-हातोड्यातून सुटलं असतं. अडचण इतकीच, की डबल बेस दुसऱ्या रांगेच्या पुढे ऐकूच जात नसे. मागच्या वर्षी लग्नाचा भोंगा भाड्यानं आणून पाहिला, तर डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज आला आणि सुपरिंटेंडेंटसाहेबांची मुलगी हसत सुटली. तेव्हा ठराव क्रमांक सात झाला. नऊ सभासद, दोन तास चर्चा, आणि यंत्रातलं कोणालाच काही कळत नसल्यामुळे ठराव एकमतानं मंजूर.

मी आणि हरिचंद्र उल्हासनगरला, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमध्ये गेलो. तिथं बराकीच्या टोकाला लोकूमल नावाच्या सिंधी गृहस्थाचं रेडिओ-लाउडस्पीकरचं दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान, मधे गोणपाटाचा पडदा.

"कितने आदमी बैठेंगे, साईं?" त्यानं विचारलं.

"चारशे."

"भाषण है के बाजा?"

"बाजा. बडा व्हायोलिन. एकदम नीचे का सूर."

"तो भोंगा भूल जाओ. भोंगा लीडर लोगों के लिए है. दूर तक चिल्लाता है, पेट कुछ नहीं." त्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "नीचे के सूर को पेट मंगता है. बडा लकडी का खोका, अंदर बारा इंची स्पीकर. और पंधरा वॉट का मशीन मत लेना. हॉल भर गया तो आवाज फट जाएगा. तीस वॉट लो, आधे पे चलाओ."

आयुष्यात मला इतका सरळ सल्ला कुठल्याच दुकानदारानं दिला नव्हता. साहजिकच मला संशय आला. मी तीस वॉटचं मशीन दाखवा म्हटलं. त्यानं गोणपाटामागून एक खाकी लोखंडी पेटी ओढून आणली, तिच्यावरची घोंगडी काढली. दर्शनी तीन काळी बटणं, वर जाळी, जाळीखाली दिव्यांसारखे सहा काचेचे व्हॉल्व.

"ये कॅम्प ऑफिस का था," लोकूमल म्हणाला. "सैंतालीस-अडतालीस में इसपे नाम बोलते थे. कौन मिला, कौन आया, किसकी चिठ्ठी आयी. हम लोग सुबे से शाम बैठते थे. मेरा भाई रहे गया उधर... दो साल बैठा मैं. नाम नहीं आया."

त्यानं बटण दाबलं. व्हॉल्व हळूहळू तांबूस झाले. तापलेल्या धुळीचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसराच एक वास : ओल्या घोंगडीचा, फिनेलचा, फार माणसं एका छपराखाली फार दिवस राहिल्याचा. हरिचंद्रनं पेटीवर तळवा ठेवला. म्हणाला, "शामराव, हीच. जमिनीतून येतोय आवाज बघा."

पेटी टांग्यात चढवताना लोकूमलनं माझी बाही धरली.

"एक बात, साईं. बाजा चालू तो मशीन चालू. बाजा बंद, मशीन बंद. खाली-पीली चालू मत रखना."

"म्हणजे? बिघडतं?"

"मशीन नहीं बिगडता," तो म्हणाला आणि आत गेला. पेटी निघून गेल्यावर त्यानं गोणपाटाचा पडदा वर बांधून टाकला, हे मी टांग्यातून पाहिलं.

मंडळाच्या हॉलमध्ये तालमीचे पुढचे पंधरा दिवस सोन्याचे गेले. मायक्रोफोन रुमालात गुंडाळून डबल बेसच्या तारांखाली खोचायचा, स्पीकरचं खोकं भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचं, मशीनच्या अर्थिंगची तार नळाला बांधायची, हे सगळं हरिचंद्रनंच शोधून काढलं. खालची तार छेडली की सूर आधी तळपायांना कळायचा, मग छातीला, आणि शेवटी कानांना. अण्णा कधी कोणाला चांगलं म्हणत नसत. ते म्हणाले, "म्हसकर, आज तू चुकलास ते ऐकू आलं. प्रगती आहे."

मशीन तापायला मात्र बराच वेळ घ्यायचं. दर चहाला बंद करायचं, पुन्हा तापवायचं, तालीम वाया जायची. संमेलनाआधीच्या रविवारी दुपारी चहाची सुट्टी झाली तेव्हा हरिचंद्रनं बटणाकडे हात नेला. मीच म्हणालो, "राहू दे रे चालू."

"तो शेटजी नको म्हणला होता."

"तो दुकानदार आहे. खप वाढवायला धाक घालतात ते."

याला तर्क म्हणत नाहीत, हे मला आज दिसतं. त्या दिवशी हरिचंद्र हसला. डबल बेस भिंतीला टेकवून म्हणाला, "हात धुऊन येतो," आणि मागच्या दारानं नळावर गेला. बाकीचे कँटीनला गेले. मी खुर्चीत बसून राहिलो.

दुपारचे साडेतीन वाजले होते. उंच खिडक्यांतून ऊन पडलं होतं. हॉलमध्ये मशीनची बारीक घरघर चालली होती. घरघर कसली, शांततेचाच आवाज म्हणा. मग तो वास आला. ओली घोंगडी. फिनेल.

आणि घरघरीच्या तळातून कोणीतरी नाव वाचलं.

सिंधी नाव होतं, बापाच्या नावासकट. पुरुषाचा, थकलेला, न चढणारा न उतरणारा आवाज. मग विराम. पुन्हा तेच नाव. विराम. पुन्हा. मग कागदावर रेघ ओढल्याचा आवाज, आणि पुढचं नाव. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, आधी मला ओळख पटली. तो विराम मी आयुष्यभर सोडत आलो होतो. माणसाला तोंड उघडायला लागतो तेवढाच, वर एक श्वास दयेचा. पलीकडे माझ्याच धंद्यातला कोणीतरी बसला होता. कोणीच हजर नव्हतं, आणि तो लाल रेघा मारत चालला होता.

असली किती नावं गेली, मोजली नाहीत. मग आवाज म्हणाला :

"हरिचंद्र कोंडाजी म्हसकर."

बाहेर नळ वाहत होता.

"हरिचंद्र... कोंडाजी... म्हसकर."

उठून बटण बंद करावं असं वाटत होतं. पण डोळ्यांपुढे फक्त लाल दौत होती. पुढची हाक गेली की संपलं. पोराची हजेरी जाणार...

"हरिचंद्र कोंडाजी म्हसकर."

"हजर," मी म्हणालो.

कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांची सवय बोलली. मशीनमधली घरघर एकदम थांबली. भिंतीला टेकवलेल्या डबल बेसची खालची तार आपोआप थरथरली, आणि त्या कोपऱ्यातल्या खोक्यातून, फार लांबून, घाईघाईनं येणाऱ्या माणसाचा धापा टाकणारा आवाज आला :

"आलो, आलो, शामराव..."

मी नळावर धावलो. नळ वाहत होता. साबणाची वडी ओली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कोणालाही बाहेर जाताना पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी विहीर उपसली, नदी पाहिली, मुंबईच्या बँडवाल्याला पळवून नेल्याबद्दल विचारलं. तो बिचारा संमेलनाला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हसकर हरिचंद्रच्या नावापुढे लाल खूण केली. त्याच्या गैरहजेरीची माझी ती पहिली खरी नोंद.

तिसऱ्या दिवशी जनी आली. फाटकाशी बसून राहिली. मी बाहेर आलो, तिला हॉलच्या पायरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. का सांगितलं, कळत नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्येचं नाव घेतलं, त्याला तो बोलला नाय. तुमी बोलले."

"हो."

"कामावर लावायचे तशी लावली हजेरी."

"हो, जनीबाई."

"मंग आता काढा."

मी आयुष्यभर अर्ज लिहिले. दुसरं काही मला येत नाही. 'सदर इसमाच्या वतीने अनवधानाने दिली गेलेली हजेरी रद्द व्हावी,' असा अर्ज मी लिहिला आणि रविवारी दुपारी, मशीन तापवून, मायक्रोफोनमध्ये वाचला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या रविवारी सुधारून वाचला. पण मला ठाऊक होतं, की अशा अर्जात एक रकाना लागतो. कुठलीही कचेरी एका माणसाला मोकळं करायचं तर जागेवर दुसरा मागते. बदली इसमाचं नाव. मी तीन वेळा अर्ज लिहिला, आणि तिन्ही वेळा त्या रकान्यात आडवी रेघ मारली. मला बायको होती, दोन मुली होत्या. हे कारण खरं आहे. पण ती रेघ मारताना मी दुसरा विचार केला नाही, हेही खरं आहे.

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा जनी खोक्याजवळ जमिनीवर बसलेली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी कुठं थांबलो ते तिला कळलं.

"हितं काय सोडलंत?"

मी सांगितलं.

"अवो, मंग माझा घाला की!" ती म्हणाली. जणू मी घरातली एखादी साधी वस्तू शोधत होतो आणि ती तिच्या ओच्यातच होती. "जनी कोंडाजी म्हसकर. घाला."

"जनीबाई, तिकडं काय आहे, आपल्याला..."

"माझा पोर हाय तिकडं. घाला." मग माझ्याकडे बोट रोखलं. "आणि भाऊ, माझा नाव घेतला तर तुमी मधी बोलू नका. समजलं ना? माझी मी बोलंन."

मी तिचं नाव घातलं. मायक्रोफोनपुढे सावकाश वाचलं : जनी, कोंडाजी म्हसकर यांची विधवा, वय अंदाजे साठ, राहणार बदलापूर गाव, वरील इसमाच्या बदली हजर राहण्यास स्वखुशीने तयार. वाचून थांबलो. घरघर तशीच होती. मग तिच्या तळाशी, कागदावर निब फिरल्याचा आवाज आला. हळू, व्यवस्थित. कोणीतरी उतरवून घेत होतं. जनीनंही ऐकलं. तिनं पदर सावरला आणि उठून उभी राहिली, बोलावणं आल्यासारखी.

बोलावणं आलं नाही.

त्या वर्षी मंडळानं यंत्र मोडीत काढायचं ठरवलं. मोडीतून ते मीच घेतलं. सत्तावन्न साली निवृत्त झालो. आता पेटी माझ्या अंबरनाथच्या खोलीत असते. बायको मुलींना घेऊन माहेरी राहते. तिचंही बरोबरच आहे. जनी दर रविवारी बदलापुराहून चालत येते. आम्ही मशीन तापवतो. वास येतो. नावं सुरू होतात. हल्ली वाचणारा दुसरा आहे. त्याला थोडी धाप लागते. नदी ओलांडून घाईनं आलेल्या माणसासारखी. जनीला तो आवाज ओळखता येतो, पण ती त्याला हाक मारत नाही. तोंड मिटून, कान देऊन, आपल्या पाळीची वाट पाहत बसते.

ती दर खेपेला विचारते, "अर्जाचा काय झाला, भाऊ?"

आज दिनांक १५ नोव्हेंबर १९५९. अर्ज पोचला आहे. प्रलंबित आहे.