दांडीतला हात

विसरलेला चष्मा शोधायला वैमानिक ऑतावियो सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानाच्या, खोलीत शिरला, आणि इंजिनियर जांदिरानं त्याला चाचणीसाठी तिथंच शेजारी बसवून घेतलं. तिचा नेहमीचा वैमानिक अमाउरी दाढ काढायला गेला होता.

नव्या विमानात दोन खुर्च्यांपुढच्या, विमान वळवायच्या दोन्ही दांड्या मोटरींनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकानं ओढली की दुसऱ्याच्या मुठीत ती तशीच हलायची.

"हात हलका आहे तुमचा," तो म्हणाला.

"दांडीवरून कळतं?"

"पुष्कळ कळतं…"

त्यानंतर दर गुरुवारी त्याचा चष्मा तिथंच हरवू लागला. मार्च ते ऑगस्ट. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते ब्राझीलमधल्या साओ जोसेच्या त्या विमान-कारखान्यात कुणाला नक्की सांगता येणार नाही. मलाही नाही.

नियम असा, की विमान दुसऱ्याच्या हाती देताना तोंडानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं तेच वाक्य परत म्हणायचं. हे दोघं मात्र सांगेनासे झाले होते. त्यानं मूठ सैल केली की तिला कळायचं, ती विमान घ्यायची.

ऑगस्टमधल्या चाचणीत, उतरताना, तिनं चाचणीच्या आराखड्याप्रमाणे दांड्यांमधला जोड गुपचूप तोडला. जोड तुटला की शब्दच उरतात. तेवढंच तपासायचं होतं. ऑतावियोनं सवयीनं मूठ सैल केली. बोलला काहीच नाही. शब्द आला नाही, म्हणून तिनं विमान घेतलं नाही. पडदा लाल झाला, म्हणजे विमान आदळलं.

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणातली त्याची खुर्ची या चाचणीच्या अहवालावर अवलंबून होती. तिनं लिहिलं – वैमानिकानं सांगितलं नाही. मग थोडं थांबून पुढं लिहिलं – ही सवय माझ्यामुळे लागली, माझ्याही जागी दुसरं कुणी नेमावं.

पुढचं ऐकीव आहे, थोडं इकडंतिकडं असेल. त्यानं कँटीनमध्ये तिच्यासमोर कॉफी पिता पिता अहवाल वाचला आणि सही केली.

"आता दाढवाला अमाउरी उडवणार विमान," तो म्हणाला.

"रागावलास?"

"नाही. मला वाटलं, तुला कळलंच असेल…"

"कळलं होतं. पण जोड तुटतो, ऑतावियो."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग सांगतो. मला तू आवडतेस, जांदिरा. मार्चपासून."

तिनं नियमाप्रमाणे ते वाक्य परत म्हटलं, फक्त नाव बदलून… शेजारच्या टेबलावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.