हवेहून थंड

बोलावणं साधंच होतं. "जड काम दिलं की मशीन बंद पडतं," काका फोनवर म्हणाले. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं हेच सांगतात. धूळ, प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट सुकलेली, नाहीतर दमलेला पॉवर सप्लाय, यातलंच काहीतरी निघतं. दुपारी पिशवी घेऊन मी गेले.

काका निवृत्त भूमापक, घरात एकटे. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. शेवटच्या दिवशी त्या काहीतरी बोलल्या, पण घरघरीत एकही शब्द कळला नाही. काकांनी ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं. चाळीस सेकंद. आता आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर मिळालं होतं, पण एकाहत्तर टक्के झाले की मशीन बंद.

"काय म्हणाली तेवढं कळू दे, पोरी. दुसरं काही नको मला."

मी मशीन उघडलं. धूळ झाडली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या. मग तासभर मुद्दाम ताण देऊन पाहिलं. पंखे विमानासारखे ओरडले, पण मशीन हूं की चूं करेना. मला हायसं वाटलं. काकांचं काम लावलं आणि एकाहत्तर टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली.

नवा पॉवर सप्लाय बसवला. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मी तापमानाच्या आकड्यावरून नजर हलवली नाही. साठ, सत्तर, ब्याऐंशी. तापून बंद पडणार, असं धरून चालले होते. एकाहत्तरावा टक्का लागला आणि आकडा उतरायला लागला. पन्नास... तीस... अकरा. खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या. चालू मशीन खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. पंखे एकेक करून थांबले आणि त्या शांततेत औषधांचा उग्र वास आला.

प्रोसेसरवरच्या पत्र्याला मी बोट लावलं. दव साचलं होतं.

"काका... हे राहू द्या ना."

"तिचा वास आला ना तुलाही?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा इतका आसुसलेला होता की माझ्याच्याने नाही म्हणवेना.

मशीन दुकानात आणलं. प्रोसेसरचा वेग पार खाली उतरवला आणि काम रांगत रांगत चालू दिलं. दोन दिवस लागले, पण शंभर टक्के झाले. फाइल मी ऐकली नाही; धीर झाला नाही. काकांच्या फोनवर पाठवून दिली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. शब्द न् शब्द कळला म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. काय कळलं ते मी विचारलं नाही. मशीन पुसून त्यांच्या घरी पोचतं केलं आणि विषय मनातून काढून टाकला.

आठवड्याने भर दुपारी पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबका होता.

"पोरी, रेकॉर्डिंग चाळीस सेकंदांचं होतं ना?"

"हो, काका."

"परवा चार मिनिटांचं झालं. आज अकरा. आणि... ती विचारतेय, मशीन उघडून बसली होती ती मुलगी कोण?"