चौघांचं वजन

माणसांचं वजन करून त्यांना समुद्रात सोडून यायचं आणि अहवालात ‘कामगिरी फत्ते’ लिहायचं, हे ज्यांना जमलं त्यांनी एकदा तरी त्या विमानात बसायला हवं होतं.

वैमानिक रॉय ट्रेंबाथ रोज बसत होता. केर्न्सच्या तळावरचं त्याचं कॅटलिना विमान पाण्यावर उतरायचं. शत्रूच्या बंदरात सुरुंग टाकायचे, पाणबुड्या हुडकायच्या, पडलेल्या विमानांतली माणसं उचलायची. गेल्या आठवड्यात न्यू ब्रिटन बेटाजवळ नऊजण सापडले. इंधनाच्या टाक्या भरलेल्या, वजन पेलणार नाही म्हणून पाचच घेतले. “तासाभरात येतो,” रॉय उरलेल्या चौघांना म्हणाला. परत जायची परवानगी वरून मिळालीच नाही.

आज त्याच पाण्यातून त्यानं दुसऱ्या विमानातले दोघे उचलले. ऊन चढलं होतं. समुद्र तेलासारखा सपाट, आणि किनाऱ्याकडून एक जपानी गस्ती नाव निघालेली.

रॉयनं वेग दिला. विमान धावलं, पण पाणी सोडेना. पुन्हा धावलं. पत्रा थरथरला, खालून पाणी घासत राहिलं.

“बुडाला शिसं बांधलंय का गं, म्हातारे?” इंजिनिअर डूलन विमानालाच म्हणाला. तळाशी पाणी शिरलंय का ते तो पाहून आला. कोरडं होतं. मग वजन कमी करायला बंदुका समुद्रात गेल्या, गोळ्या गेल्या, शिजवायचा स्टोव्हसुद्धा गेला.

तिसरी धाव. तेच.

“कप्तान…” डूलनचा आवाज उतरला. “अर्ध्या टाक्या रिकाम्या आहेत. तरी आपण चार बोटं जास्त खोल बसलोय. काहीतरी… अजून उतरवायला हवं.”

नाव आता एवढी जवळ आली होती की तिच्यावरची माणसं मोजता आली असती. रॉयच्या मानेवर मागून गार, खारट वारा आला. खिडक्या तर बंद होत्या.

“आज कुणाला उतरवणार नाही,” तो हळूच म्हणाला. डूलनशी नव्हे. “कुणालाच नाही. धरून बसा.”

चौथ्या धावेला पाणी सुटलं. नावेवरून सुटलेली पहिली गोळी खालून निघून गेली.

बऱ्याच वेळानं तोफची नेव्हिल मागे गेला. सुटका झालेले दोघे ओल्या पत्र्यावर अंग चोरून बसले होते. शेजारी चारही बिछाने मोकळे.

“अरे, वर आडवे व्हा की,” तो म्हणाला.

त्यातल्या थोरल्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. त्यांना आत्ता कुठे डोळा लागलाय.”